वाई ते सातारा, आठवड्यातून तीनदा: एका जुन्या गाडीच्या खरेदीचं प्रकरण

आईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असं ठरलेलं. केंद्र साताऱ्यात, आम्ही वाईत. एका बाजूचं अंतर साधारण ३५ किलोमीटर. पहिले सात महिने आम्ही भाड्याच्या गाडीवर काढले. खेपेला १,५०० रुपये, त्यात ड्रायव्हरचं चार तास थांबणं आलं. महिन्याच्या तेरा खेपा धरल्या की साडेएकोणीस हजार होतात. मध्ये दोनदा एसटीने नेऊन पाहिलं. जाताना जमलं. परतताना आईचं बीपी उतरलेलं, पायात गोळे आलेले, आणि स्टँडवर बस लागताच दाराशी झुंबड. दुसऱ्या खेपेला ती पायरी चढताना मागे कलली आणि मी तिला खांद्याने तोलून धरलं. त्या रात्री मी गाडी घ्यायचं ठरवलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात सकाळच्या सत्रात शिकवते. बाराला सुटते, त्यामुळे दोनच्या शिफ्टला आईला पोचवणं जमतं. परवाना माझ्याकडे आठ वर्षं आहे, गाडी मात्र घरात कधीच नव्हती. म्हणून आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन पंधरा दिवस पुन्हा हात बसवून घेतला. पैशाचं गणित साधं होतं. साठवलेले दोन लाख आणि शिक्षकांच्या पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज. या चार लाखांत गाडी, नावावर करणं, विमा, टायर, पहिली सर्व्हिस, सगळं बसायला हवं होतं. म्हणजे गाडीला पावणेचार लाखांच्या वर एक रुपयाही नाही.

नवीनच का घेत नाहीस, असं स्टाफरूममध्ये बऱ्याच जणींनी विचारलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, वरचा उपकरही गेला होता, आणि वॅगनआरचं सगळ्यात साधं मॉडेल शोरूम किमतीत पाच लाखांच्या आत आलं होतं. पण महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला त्यावर ११ टक्के रस्ता कर लागतो. विमा, नोंदणी धरली की आकडा पावणेसहाच्या पुढे जातो. तेवढं कर्ज मला झेपणारं नव्हतं, कारण आईच्या औषधांचा खर्च कधी वाढेल याचा नेम नाही. मात्र ही करकपात मला दुसऱ्या अंगाने उपयोगी पडली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच हवा, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात बरेच जण अजून आधीचेच भाव धरून बसले होते.

गाडी कोणती हे आईने ठरवलं, तेही बसून. शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मिळून पाच गाड्यांत मी तिला बसवून पाहिलं. तिच्या डाव्या हाताला फिस्ट्युला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर. त्या हातावर भार द्यायचा नाही, तो ओढायचा नाही, दाबायचा नाही. पुढच्या डाव्या सीटवर बसताना माणूस आपसूक वरचं हँडल डाव्या हाताने धरतो. खोलगट सीटच्या गाडीत तिचा हात दर वेळी तिकडे गेला आणि दर वेळी मला तो धरून खाली घ्यावा लागला. वॅगनआरची सीट तिला बरोबर उंचीची होती. ती पाठ करून टेकली, मग पाय आत घेतले. हँडलला हात लावावाच लागला नाही. सुरक्षिततेच्या हिशेबाने टियागो मला जास्त पटत होती. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळाले होते, वॅगनआरला २०१९ मध्ये दोनच. हे मला माहीत होतं आणि आजही ते मनात असतं. पण टियागोतून उठताना आईला दोन्ही हातांचा जोर लावावा लागत होता, आणि असं उठणं आठवड्यातून सहा वेळा व्हायचं होतं. शेवटी ठरलं: वॅगनआर, पण पुढच्या दोन्ही एअरबॅग असलेली, आणि ती ८० च्या आत चालवायची.

हायवेवरचा बाजार

पहिली गाडी पाहायला धाकटा भाऊ पुण्याहून आला. पुणे-सातारा रस्त्याला लागून जुन्या गाड्या विकणाऱ्यांचं एक मोठं आवार होतं. साठ-सत्तर गाड्या धुऊनपुसून ओळीने उभ्या. फोन मी केला होता, वेळही मीच घेतली होती. आत गेल्यावर तिथल्या माणसाने भावाशी हात मिळवला, चहा मागवला आणि त्याला विचारलं, "बजेट काय आहे सर आपलं?"

भाऊ म्हणाला, "गाडी ताईला घ्यायचीय. मला चालवताच येत नाही."

त्याने मान डोलावली आणि पुढचं वाक्य पुन्हा भावालाच. "मॅडमसाठी ना, मग ऑटोमॅटिक बघा की सर."

त्या माणसाच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. त्याच्या रोजच्या अनुभवात पैसे पुरुष देतो. पण त्याचा परिणाम व्यवहारावर कसा होतो ते मी त्या तासाभरात पाहिलं, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे. रंग, मायलेज, सीट कव्हर एवढंच माझ्याशी बोललं गेलं. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, हे बोलणं भावाकडे वळवलं गेलं, आणि भावाला त्यातलं काही कळत नव्हतं. ज्या प्रश्नांवर व्यवहार उभा असतो तेच आम्हा दोघांच्या मधून निसटून जात होते. चहा संपला तेव्हा मी भावाला बाहेर गाड्या बघत फिरायला सांगितलं आणि प्रश्न पहिल्यापासून विचारायला घेतले.

गाडी दिसायला सुरेख होती. २०१९ ची, मीटरला ३८,००० किलोमीटर. "सिंगल हँड, लेडीज यूज आहे. त्या मॅडम फक्त मुलांना शाळेत सोडायच्या. डोळे झाकून घ्या." बाईने वापरलेली गाडी हे या बाजारात कौतुकाचं बोलणं आहे, डॉक्टरची गाडी म्हणतात तसंच. जपून वापरली असेल असं त्यातून सुचवायचं असतं. ते कशावरूनही तपासता येत नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवलं आणि खाली वाकून पेडल पाहिले. क्लचच्या रबरावरच्या रेघा मधोमध पार झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट. मग बोनेट उघडायला सांगितलं. बोनेटच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, कुठल्याशा गॅरेजचं ऑइल बदलल्याचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं होतं. तारीख गेली होती, खालची ओळ राहिली होती: पुढील सर्व्हिस ८२,०००.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "ते जुनं काहीतरी असेल मॅडम."

मीटर मागे केलंय हे समजायला मला तेवढं पुरे होतं. डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही हा समज चुकीचा आहे. फिरवतात. पण कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं किलोमीटर नोंदलेलं असतं, आणि मालकाने सांगितलं तर ते मिळतं. ते मागितल्यावर विकणारा टाळाटाळ करू लागला की पुढे जाऊ नये.

तरीही गाडी चालवून बघायची म्हटलं, कारण मला सवय करून घ्यायची होती. किल्ली भावाच्या हातात आली, भावाने ती माझ्याकडे दिली. लगेच, "हायवे आहे मॅडम, मी चालवून दाखवतो, तुम्ही मागे बसा." मी मागे बसले. त्याने एसी पूर्ण सोडला, गाणी लावली, सरळ रस्त्यावरून दोन किलोमीटर गेला आणि वळून आला. मागच्या सीटवरून क्लच कुठे धरतो ते कळत नाही, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का ते कळत नाही, ब्रेकला पाय किती आत जातो ते कळत नाही. उतरल्यावर मी एक नियम ठरवला आणि पुढे तो कुठेही मोडला नाही. जी गाडी मला स्वतःला, गाणी आणि एसी बंद ठेवून, चढावर आणि खराब रस्त्यावर अर्धा तास चालवू देणार नाहीत, ती घ्यायची नाही.

कागदांचं तिथे आणखी वाईट होतं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव तिसऱ्याच माणसाचं. मालकी बदलण्याचे टीटीओ फॉर्म, म्हणजे नमुना २९ आणि ३०, मालकाच्या सह्या घेऊन कोरे ठेवलेले. "गाडी आज न्या, नाव निवांत करून घ्या." या निवांतपणात दोघांनाही धोका आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हात फिरली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे तो जुना मालक, ज्याला गाडी कुठे आहे हेही ठाऊक नाही, माझ्या हातून काही घडलं तर अडकणार. आणि त्याच्यावर कर्जाची किंवा पोलिसांची काही भानगड निघाली तर गाडी माझ्या दारातून जाणार. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी परिवहन खात्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना खात्याला द्यायची असा नियम आहे. ते प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर "चालू आहे काम" असं उत्तर आलं. वर किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा मागितला. तो कर विक्रेत्याच्या नफ्यावर असतो, अख्ख्या किमतीवर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली तेव्हाही ते तसंच सांगितलं गेलं होतं. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराला तर तो लागतच नाही.

पट्ट्यावरची रेघ

दुसऱ्या वेळी चूक माझी झाली, म्हणून ती नीट सांगते.

एका दलालाने फोनवर फोटो पाठवले. २०१८ ची हॅचबॅक, वॅगनआर नव्हे पण सीट तशीच उंच. नंबर एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचा. किंमत तीन लाख दहा हजार, बाजारापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी कमी. "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय ताई, पाच हजार टोकन टाका, गाडी धरून ठेवतो." त्या दिवशी आईला केंद्रातच थंडी भरली होती, परतताना भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर उशीर झाला म्हणून कुरकुरत होता. मी कंटाळले होते. गाडी न पाहता पाच हजार पाठवले. पावती नाही, अट नाही.

रविवारी गाडी पाहायला गेले तेव्हा सोबत आमच्याकडच्या गॅरेजचे मिस्त्री होते. आठशे रुपये घेऊन ते गाडी बघायला येतात. आत बसताच अत्तराचा इतका भपकारा आला की काच खाली करावी लागली. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि सावकाश ओढत राहिले, शेवटपर्यंत, तो अडेपर्यंत. रोज लावताना पट्टा जेवढा बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा हातभर भाग, जो कायम गुंडाळीच्या आत राहतो, तो पिवळट. आणि आडवी, सरळ, कडेपासून कडेपर्यंत गेलेली मातीची रेघ. नखाने खरवडली तर बारीक पूड निघाली.

मग त्यांनी सीट मागे सरकवून रूळ दाखवला. गंज. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचललं. खालच्या खळग्यात बोल्टभोवती वाळलेला गाळ. डावा हेडलाइट आतून धूसर.

"पाण्यात होती ही," मिस्त्री हळूच म्हणाले.

दलाल म्हणाला, "लहान पोरांनी पाणी सांडलं असंल ओ."

मी तिथे उभ्या उभ्या परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपमध्ये नंबर घातला. मालक दुसरा. दुसऱ्या मालकाच्या नावावर गाडी कधी झाली ते आरसीवर पाहिलं तर ऑक्टोबर २०२१. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला होता. कोल्हापूर, सांगली, चिपळूण, सगळीकडे गाड्या बुडाल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तसंच झालं होतं. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सीट बदलून पुन्हा रस्त्यावर येते. इंजिन चालतंही. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतं. कधी दिवे जातात, कधी गाडी चालता चालता बंद पडते, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं काय झालंय ते धडक बसेपर्यंत कुणालाच कळत नाही. रात्री सात-साडेसातला आईला घेऊन हायवेवरून येताना मी असल्या गाडीत बसणार नव्हते. त्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारने सक्तीची केलेली सुरक्षा नंबर प्लेटही लावलेली नव्हती. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते, ७४५ रुपये अधिक जीएसटी. पण ती तर फारच लहान बाब.

टोकनचे पाच हजार परत मिळाले नाहीत. "तुम्ही नाही म्हणालात, गाडी खराब नव्हती," असं म्हणून दलालाने फोन ठेवला, मग उचललाच नाही. पाच हजार म्हणजे तेव्हा आमच्या तीन खेपांहून जास्त पैसे. मला त्याचं फार वाईट वाटलं, घरी येऊन रडलेही. पण पट्टा तसा न ओढता मी गाडी घाईने घरी आणली असती तर काय झालं असतं, हे मिस्त्रींनी मला दोनदा बोलून दाखवलं आणि तिसऱ्यांदा आईने.

साताऱ्यातली वॅगनआर

तिसरी गाडी सहकारी शिक्षिकेच्या ओळखीतून कळली. मालकीणबाई साताऱ्यातल्या, स्टाफ नर्स, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. मुलाने दसऱ्याला नवी गाडी घेतली, जीएसटी उतरल्याचा फायदा घेऊन, त्यामुळे जुनी विकायची. वॅगनआर, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, जुलै २०१९ ची नोंदणी, एमएच ११, पहिला मालक, दोन्ही एअरबॅग. मागणी चार लाख दहा हजार.

आदल्या रात्री मी फोन करून एकच विनंती केली. सकाळी गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. गार इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. आवारातल्या गाडीचं बोनेट आम्ही गेलो तेव्हा हाताला गरम लागलं होतं, ते माझ्या लक्षात होतं. इथे बोनेटवर दव होतं. पहिल्या चावीत गाडी सुरू झाली. मिस्त्री मागे सायलेन्सरपाशी उभे राहिले, निळा धूर नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उचलून त्यांनी तळवा धरला, आतून दाब मारत नव्हता.

मिस्त्री गाडीखाली होते तेवढ्यात मालकीण ताई स्वतःहून म्हणाल्या, "डावं फेंडर रंगवलेलं आहे, सांगून ठेवते. रिक्षा घासली होती पोवई नाक्याला." मिस्त्रींनी पाहिलं. फेंडरच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या, आतला ॲप्रन, म्हणजे फेंडरमागचा पत्रा, मात्र कंपनीचाच, जोड जसेच्या तसे. पट्टा मी स्वतः शेवटपर्यंत ओढला. शेवटपर्यंत एकसारखा काळा. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर १९१९. गाडीबरोबर आलेले, सहा वर्षांचे. मीटर ४६,३०० आणि सर्व्हिस सेंटरची शेवटची नोंद ४४,८००. जुळत होतं.

गाडी मी यवतेश्वरच्या घाटात नेली. शेजारी मिस्त्री, मागे कुणी नाही. ताईंनी किल्ली देताना विचारलंसुद्धा नाही की कोण चालवणार. घाटात मिस्त्रींनी चढावर थांबवायला सांगितलं. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, हळू सोडा. माझे तळहात घामाने ओले झाले होते, मागून एक टेम्पो येत होता. गाडी इंचभरही मागे न जाता उचलली गेली, क्लच जळल्याचा वास नाही. खाली येताना स्पीडब्रेकरवर पुढून टकटक आवाज आला. लोअर आर्मचे बुश, म्हणजे पुढच्या चाकांच्या जोडांतले रबर, गेलेत, मिस्त्री म्हणाले.

परत आल्यावर ताईंनी मला जे विचारलं ते आधी कुणीच विचारलं नव्हतं. "रात्री चालवणार का?" मी डायलिसिसचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी नाइट ड्युटीवरून यायचे ना, म्हणून विचारलं. याचे हेडलाइट कमी पडतात. बल्ब चांगले घाला आणि काच आतून पुसत जा." मग फिस्ट्युला कोणत्या हाताला, कोणत्या सीटवर बसवता, हे विचारून घेतलं. आईला उतरल्यावर दोन मिनिटं दाराशी बसूनच राहू द्या, एकदम उभं करू नका, असंही म्हणाल्या.

भाव मात्र त्यांनी सहज सोडला नाही, आणि मीही नाही. मी कागदावर मांडून दाखवलं. चार टायर १४,०००, बुश आणि सर्व्हिस साडेसात हजार, आणि नवीच आता इतकी स्वस्त झालीय. मी तीन साठ म्हणाले. त्यांचे यजमान आतून म्हणाले, "चारच्या खाली नाही." चहा झाला, कांदेपोहे झाले. तीन लाख बहात्तर हजारांवर ठरलं, दुसरी किल्ली आणि सर्व्हिसचं पुस्तक धरून.

बोजा, चलन, छाप

एम-परिवहनवर गाडी अजून एका बँकेकडे तारण दिसत होती. ताईंचं कर्ज २०२३ मध्येच फिटलं होतं, पण आरसीवरचा बोजा त्यांनी उतरवलाच नव्हता. हे फार घरांत होतं. शेवटचा हप्ता भरला की माणूस सुटलो म्हणतो. बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ घेऊन आरटीओत नोंद काढल्याशिवाय मी पूर्ण पैसे देणार नाही, असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्या नर्स आहेत, कागदाचं महत्त्व त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बँकेने पूर्वी दिलेल्या एनओसीची मुदत संपलेली होती, नवी घ्यायला नऊ दिवस गेले.

या वेळी टोकन पंचवीस हजार दिलं, बँकेतून, आणि साध्या कागदावर दोघींच्या सह्या घेऊन. त्यावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, आणि तीस दिवसांत बोजा उतरला नाही तर टोकन परत, एवढंच लिहिलं. ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर दोन जुनी चलनं थकलेली निघाली, दोन्ही मुलाच्या हातची. त्यांनी त्याच संध्याकाळी भरली.

पुढचं काम मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, फी भरली, नमुना २९ आणि ३० छापून काढले. त्यावर चेसिस नंबरची छाप घ्यावी लागते. पत्र्यावर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तशी. पहिला कागद हलला, दुसऱ्यावर सतराही अक्षरं स्वच्छ उमटली आणि मी ती आरसीवरच्या नंबराशी एक एक करून ताडून पाहिली. गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी बारा चाळीस. त्याच्या आधीचं चलन त्यांचं, नंतरचं माझं.

विम्याबद्दल थोडं. मालक बदलला की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. ताईंचा ५० टक्के बोनस होता, त्यामुळे उरलेल्या मुदतीचा फरक, साडेतीन हजारांच्या आसपास, मला भरावा लागला. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही नव्याने माझ्या नावाने घेतला. सगळं धरून, टायर आणि बल्बांसकट, हिशेब ३,९९,००० च्या थोडा खाली बसला.

शेवटचं काम फास्टॅगचं राहिलं होतं, आणि ते मी जवळजवळ विसरलेच होते. टॅग ताईंच्या खात्याला जोडलेला. तो त्यांनी बंद केला, मी माझा घेतला. आमच्या रस्त्यात आनेवाडीचा टोलनाका लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वर्षाचा किंवा २०० फेऱ्यांचा पास मिळू लागला, जे आधी संपेल ते. तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. नाका एकदा ओलांडला की एक फेरी. आमच्या आठवड्याला सहा होतात, म्हणजे पास साडेसात महिन्यांच्या आसपास संपेल. तरी त्या भावाने एका फेरीला पंधरा रुपयेच पडले.

आईला पहिल्यांदा नेलं तो गुरुवार होता. येताना तिने सीट थोडी मागे घेतली आणि पाचवडपर्यंत झोपली. घरापाशी आल्यावर दार उघडून दोन मिनिटं बसवून ठेवलं.

माझ्या नावाचं आरसी कार्ड पोस्टाने आलं तेव्हा शनिवार होता. पोस्टमनकडे सही करून पाकीट तसंच पर्समध्ये टाकलं. एक वाजत आला होता, आणि आई चपला घालून दारात उभी होती.